अकरा फेऱ्या : मुलांचं हृदय आणि शाळेतल्या एका परीक्षेचा इतिहास



गेल्या महिन्यात लेकाच्या शाळेतून फिटनेसचा रिपोर्ट घरी आला. लेक चौथीत आहे, वय साडेनऊ. गणितात पुढे, स्पेलिंगमध्ये पुढे, त्यामुळे रिपोर्ट म्हटलं की आमच्याकडे पेढ्यांचीच तयारी असते. या वेळी मात्र एका चौकोनात ११ हा आकडा होता आणि त्याच्यासमोर 'सुधारणेची गरज' अशा अर्थाचा शेरा. टेक्ससमध्ये २००७ च्या कायद्यामुळे तिसरीपासून पुढे शारीरिक शिक्षणाचा तास असलेल्या मुलांची ही चाचणी होते. जिममध्ये वीस मीटरवर दोन रेघा मारलेल्या असतात. बीप वाजला की एका रेघेवरून दुसरीवर धावायचं, पुढच्या बीपला परत यायचं. दर मिनिटाला बीप थोडे थोडे जवळ येत जातात. पेसर टेस्ट म्हणतात हिला. आमचे चिरंजीव अकरा फेऱ्या मारून बाजूला बसले.

सध्या आई आली आहे नाशिकहून. रिपोर्ट बघून ती म्हणाली, "अरे, काडीसारखा आहे तो. जाड असता तर गोष्ट वेगळी. बारीक पोराला कसली आलीय हृदयाची भीती?"

बोलून झाल्यावर ती एकदम गप्प झाली. मीही काही बोललो नाही. कारण बाबाही काडीसारखेच होते. बँकेत नोकरी, तंबाखू नाही, सिगरेट नाही, पोट सुटलेलं नाही. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. वय एक्कावन्न. माझं आज अडतीस आहे. हे वजाबाकीचं गणित मी किती वेळा केलंय ते विचारू नका.

असो. इंजिनिअरची खोड अशी की आकडा दिसला की तो कुठून आला हे बघितल्याशिवाय झोप येत नाही. ही टेस्ट कोणी काढली, का काढली, आणि पोराच्या फेऱ्यांचा त्याच्या हृदयाशी खरंच काही संबंध आहे का, हे शोधत बसलो. जे सापडलं ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

१९५३ सालचे तीन लेख

ही गोष्ट १९५३ पासून सुरू करावी लागते. त्या एका वर्षात तीन लेख आले. तिन्ही वेगवेगळ्या लोकांचे, एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले.

पहिला जुलैमध्ये, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं करून एनोस, होम्स आणि बायर या तीन डॉक्टरांनी तो लिहिला होता. सैनिकांचं सरासरी वय २२. यातल्या ७७ टक्के जवानांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रोगाची काही ना काही खूण सापडली. कोणाची नुसती जाड झालेली भिंत, तर कोणाची वाहिनी जवळजवळ बंद. ही सगळी धट्टीकट्टी, लष्करी तपासणीतून पास झालेली पोरं. तोपर्यंत हृदयविकार म्हणजे पन्नाशीनंतरचं दुखणं अशी समजूत होती. बावीस वर्षांच्या मुलात एवढं साठलेलं असेल तर सुरुवात कधी झाली असेल?

दुसरा लेख नोव्हेंबरमध्ये, 'लॅन्सेट'मध्ये. लेखक जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी. त्यांनी लंडनच्या सुमारे ३१,००० वाहतूक कामगारांची माहिती तपासली. दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून असतात आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढतात. बस तीच, शहर तेच, पगाराचा वर्ग साधारण तोच. पण कंडक्टरांना हृदयविकार कमी, झाला तर उशिरा, आणि झाला तरी सौम्य. टीकाकार म्हणाले, मुळात जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील. मग मॉरिस यांनी युनिफॉर्मची मापं मिळवून पँटींचे कमरेचे आकडे तपासले आणि १९५६ मध्ये तोही लेख छापला! ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, म्हणजे टीकेत थोडं तथ्य होतं. पुढे बसकामगारांच्या अभ्यासात सडपातळ आणि जाड्या दोन्हींत कंडक्टरच सरस ठरले. थोडक्यात, बारीक असणं आणि हलतं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरी हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावायला हवं होतं.

तिसरा लेख डिसेंबरमधला, शारीरिक शिक्षणाच्या मासिकातला. हान्स क्राऊस हे ऑस्ट्रियाहून न्यू यॉर्कला आलेले डॉक्टर आणि पट्टीचे गिर्यारोहक. पाठदुखीच्या पेशंटांसाठी त्यांनी आणि डॉ. सोन्या वेबर यांनी सहा साध्या चाचण्या बसवल्या होत्या. उठाबैठका नव्हेत, निजून उठणं, पाय उचलून धरणं, गुडघे न वाकवता पायाची बोटं टेकणं असल्या. बॉनी प्रुडन यांच्या मदतीने त्या शाळकरी मुलांवर करून बघितल्या. अमेरिकेतली अर्ध्याहून जास्त मुलं निदान एका चाचणीत नापास झाली. ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंडमधली नापास मुलं आठ-नऊ टक्के.

आता या तिन्हींपैकी कोणत्या लेखाने राजधानी हादरली असेल? अर्थातच तिसऱ्याने. 'आमची पोरं युरोपियन पोरांपेक्षा कच्ची' ही बातमी होते. 'आमच्या पोरांच्या रक्तवाहिन्यांत काहीतरी साठतंय' ही होत नाही.

राष्ट्राध्यक्षांचं हृदय

जुलै १९५५ मध्ये क्राऊस आणि प्रुडन यांनी व्हाइट हाउसमध्ये जेवणाच्या बैठकीत हे आकडे आयझेनहॉवर यांच्यापुढे मांडले. ते स्वतः जनरल. लष्कराला उद्या जवान कुठून मिळणार ही त्यांची काळजी. मुलांच्या फिटनेसवर राष्ट्रीय परिषद भरवायचं ठरलं, सप्टेंबरअखेरीस, डेन्व्हरला.

ती परिषद तेव्हा झालीच नाही. २४ सप्टेंबर १९५५ ला, त्याच डेन्व्हर शहरात, आयझेनहॉवर यांनाच हृदयविकाराचा झटका आला! परिषद पुढे ढकलली गेली आणि जून १९५६ मध्ये अॅनापोलिसला झाली. पुढच्याच महिन्यात मुलांच्या फिटनेससाठी राष्ट्राध्यक्षांची समिती नेमली गेली.

इतकं डोळ्यांसमोर उदाहरण घडलं, तर परीक्षेत हृदय आलं असेल असं वाटतं ना? नाही आलं. १९५८ मध्ये शाळांसाठी जी राष्ट्रीय चाचणी बसली तिच्यात पुल-अप्स, सिट-अप्स, लांब उडी, ५० यार्ड धाव आणि सॉफ्टबॉल लांब फेकणं होतं. दम लागावा असा प्रकार एकच, ६०० यार्डांची धाव. म्हणजे साडेपाचशे मीटर, दोन-तीन मिनिटांत खेळ खलास. केनेडी यांनी डिसेंबर १९६० मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये अमेरिकन माणूस मऊ झालाय म्हणून लेख लिहिला, त्याचाही रोख देशाच्या ताकदीवर होता. १९६६ मध्ये जॉन्सन यांच्या काळात राष्ट्राध्यक्षांचं बक्षीस सुरू झालं. अट काय, तर प्रत्येक प्रकारात देशातल्या वरच्या १५ टक्क्यांत यायचं. म्हणजे बहुतेक मुलांना बक्षीस मिळणार नाही हे गणितातच होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केसेस भरपूर लिहिल्या होत्या, पण ज्या मॉड्यूलमध्ये बग होता त्याला एकही टेस्ट हात लावत नव्हती. आणि हा बग तीस-चाळीस वर्षांनी प्रॉडक्शनमध्ये फुटतो, तेव्हा टेस्टरला कोण विचारणार? :-)

हसू नका, आपल्याकडे काय वेगळं होतं? माझ्या शाळेत (नाव नको) पीटीच्या तासाला सर वेगाने धावणारी दहा-बारा मुलं निवडायचे आणि बाकीच्यांना म्हणायचे, "सावलीत बसा." मी पाच वर्षं सावलीत बसलो. दहावीत तर तो तास गणिताला दिला. पालकांनी सरांचे आभार मानले, त्यात माझे बाबाही होते.

दम लागण्याला नाव मिळालं

१९६८ मध्ये अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं. हवेवर जगणारे जंतू या अर्थाने 'एरोबिक' शब्द पाश्चरच्या काळापासून होता. कूपर यांनी तो व्यायामाला लावला आणि घरोघरी नेला. मुद्दा साधा आहे. दंड किती फुगलेत हे सोडा, तुमचं हृदय आणि फुप्फुसं मिळून स्नायूंना मिनिटाला किती ऑक्सिजन पोचवू शकतात ते बघा. धावणं, पोहणं, सायकल, भरभर चालणं, ज्यात मोठे स्नायू बराच वेळ लयीत चालतात ते सगळं एरोबिक. हवाई दलातल्या लोकांना त्यांनी बारा मिनिटं धावायला लावलं आणि जितकं अंतर कापलं त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधला. १९७० मध्ये त्यांनी डॅलसला संस्था काढली. आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास. प्रेस्टन रोडवरून मी त्या पाटीसमोरून किती वर्षं जातोय, कधी मान वळवून पाहिली नव्हती.

हा विचार शाळेत पोचायला आणखी बारा वर्षं लागली. १९८० मध्ये शारीरिक शिक्षणाच्या राष्ट्रीय संघटनेने आरोग्यावर आधारलेली वेगळी चाचणी काढली. चेंडूफेक गेली, मैलभराची किंवा नऊ मिनिटांची धाव आली. १९८२ मध्ये कूपर यांच्या संस्थेने 'फिटनेसग्राम' हे मुलांचं प्रगतिपुस्तक सुरू केलं. त्याच वर्षी माँट्रियलच्या लुक लेजे यांनी वीस मीटरच्या बीपच्या धावेचा लेख छापला. पेसर ही तिचीच नात. पुढे फिटनेसग्रामने एक महत्त्वाचा बदल केला. मुलाचा वर्गात कितवा नंबर हे मोजणं सोडलं आणि आरोग्याला पुरेल अशी एक रेघ ठरवली. वर्गातली सगळीच्या सगळी मुलं त्या रेघेच्या पलीकडे जाऊ शकतात. मला हे वाचून बरं वाटलं. लेकाच्या रिपोर्टवरचा शेरा त्याला हरवणारा नव्हता, आपण तसा वाचला.

मग लहानपणी काय घडतं?

कोरियाच्या लेखाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लुइझियानातल्या बोगालुसा नावाच्या लहानशा गावाने दिलं. तिथलेच डॉक्टर जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गावातल्या काळ्या आणि गोऱ्या मुलांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन मोजायला सुरुवात केली आणि ती मुलं मोठी होईपर्यंत दशकानुदशकं मोजत राहिले. त्या भागात अपघाताने किंवा अन्य कारणाने तरुणपणी गेलेल्या २०४ जणांच्या शवविच्छेदनांवरचा त्यांचा १९९८ चा लेख वाचताना मी दोनदा थांबलो. २ ते १५ वयाच्या सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीच्या रेघा होत्या, आणि ८ टक्क्यांमध्ये त्यापुढची, घट्ट झालेली पुटं होती. ज्यांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हयातीत जास्त भरलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण जास्त. चरबीच्या रेघा मागे फिरू शकतात. घट्ट पुटं सहजासहजी नाही. म्हणजे काही करायचं तर वेळ हीच आहे.

आणि धावण्याने काय होतं? नियमित दम लागणाऱ्या मुलाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, त्यामुळे बसल्याजागी ठोके कमी पडतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर लवचीक राहतं. स्नायू कमी इन्शुलिनमध्ये साखर उचलतात, रक्तातले ट्रायग्लिसराइड्स उतरतात. ज्यांचा रक्तदाब वाढलेला असतो त्यांचा थोडा खाली येतो. २०१२ मध्ये जॉर्जियातला एक प्रयोग छापून आला. ७ ते ११ वयाची, वजन जास्त असलेली, फारशी न हलणारी २२२ मुलं. काहींना आठवड्यातले पाच दिवस रोज २० मिनिटं, काहींना ४० मिनिटं असे १३ आठवडे खेळवलं, उरलेल्यांना नाही. खेळणाऱ्यांचा दम वाढला, चरबी घटली, इन्शुलिनचा प्रतिसाद सुधारला. ४० मिनिटंवाल्यांना फायदा जास्त. आणि खेळ कसले? पळापळी, दोरीवरच्या उड्या, थोडं बास्केटबॉल, फुटबॉल. जिंकण्या-हरण्यावर भर नव्हता. भर होता तो मजा येण्यावर आणि ठोके वाढण्यावर. सावलीत बसवायला कोणीच नव्हतं!

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, सरावाने मुलांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता साधारण पाच-दहा टक्केच वाढते. बाकीचं वाढीवर आणि आईबापांकडून आलेल्या वारशावर. म्हणून नुसत्या आकड्यामागे धावू नये. दोन, लहानपणी धावलं म्हणून पन्नाशीत झटका टळला असं सिद्ध करणारा प्रयोग कोणी चाळीस वर्षं चालवलेला नाही. स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या वेळी तपासलेल्या सात लाखांवर तरुणांचा माग तीस-पस्तीस वर्षं काढला, तर अठराव्या वर्षी दम कमी असलेल्यांना पुढे झटके जास्त आले होते (२०१४ चा लेख). ही जोड आहे, शिक्कामोर्तब नाही. पण माझ्यासारख्याला तेवढी पुरते.

बारीक म्हणजे निरोगी?

आता आईच्या प्रश्नाकडे. याचं उत्तर शोधायला मला पुण्याला परत यावं लागलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हडकुळी, पण घट होती ती स्नायूंत आणि अवयवांत. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२!

तो फोटो मी आईला दाखवला. बराच वेळ बघून ती म्हणाली, "म्हणजे ह्यांचंही असंच असणार." एवढंच.

आपण मंडळी मुलांची गणिताची पातळी काढतो, ब्रेसेस लावतो, पियानोला नेतो. आणि मूल बारीक दिसलं की हृदयाच्या रकान्यात बरोबरची खूण करून मोकळे होतो. आपल्यासाठी हीच नेमकी चुकीची टेस्ट आहे.

गंमत म्हणजे 'सगळी मुलं, सामान नको, स्पर्धा नको' हा विचार आपल्याकडे आधीच होऊन गेलाय. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या शाळांतून मुलामुलींना सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्यांचं 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक १९३८ मध्ये लंडनला छापलं गेलं, म्हणजे कूपर यांच्या तीस वर्षं आधी. त्यांच्यापुढे ऑक्सिजनचे आकडे नव्हते, आणि संथ, एकेका स्थितीत थांबून घातलेले नमस्कार एरोबिक ठरत नाहीत. पण लयीत, न थांबता पंचवीस घालून बघा, मग सांगा दम लागतो की नाही.

इकडची जुनी राष्ट्राध्यक्षांची परीक्षा २०१२-१३ च्या सुमारास बंद झाली होती. ३१ जुलै २०२५ च्या आदेशाने ती परत आणायचं जाहीर झालंय. नाव तेच ठेवा, हरकत नाही. मोजायचं ते हृदय असलं म्हणजे झालं.

शेवटी कामाचं

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला : ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल, त्यात मुख्य भाग एरोबिक, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस चांगला दम लागेल अशी. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०११ च्या शिफारशीप्रमाणे ९ ते ११ वयात प्रत्येक मुलाचं कोलेस्टेरॉल एकदा तपासावं. घरात कोणाला लवकर झटका आला असेल तर डॉक्टरांना ते आठवणीने सांगा, ते विचारतीलच असं नाही. आणि धावताना मुलाच्या छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर आधी डॉक्टर, मग धावणं.

आमच्याकडे ड्राइव्हवेपासून पुढे फुटपाथवर खडूने दोन रेघा मारल्यात. संध्याकाळी लेक, शेजारची दोन पोरं आणि मी. पहिल्या दिवशी मी एकविसाव्या फेरीला बसलो, पोरं खूप हसली. आई खुर्ची टाकून फेऱ्या मोजते. मोजताना मधेच थांबून "पुरे आता" म्हणायची, आता नाही म्हणत. काल लेकाच्या सोळा झाल्या. शाळेची रेघ कुठे आहे ते मी मुद्दाम पाहिलेलं नाही.

तुमच्या गावी शाळेत काय मोजतात, आणि तुम्ही घरी काय करता, ते जरूर कळवा.